मुलीला बीएएसएलपीला घालायचं म्हणतोय. कोकणात स्पीच थेरपिस्टला काम आहे का?

कुणकेश्वरकर

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. नीटला गुण बरे आहेत, पण एमबीबीएसच्या आसपास जाणारे नाहीत आणि पुन्हा वर्ष घालवायला ती तयार नाही. तिने स्वतःच बीएएसएलपी, म्हणजे ऐकण्या-बोलण्याच्या तपासणीची आणि उपचारांची पदवी, हा कोर्स शोधून काढला. माझ्या चुलत भावाला अर्धांगवायूचा झटका येऊन वाचा गेली होती. गोव्यातल्या इस्पितळात असताना एक तरुण मुलगी रोज त्याच्या खाटेजवळ बसून चित्रं दाखवत त्याला बोलतं करायची. आमच्या पोरीने ते पाहिलं, तेव्हापासून तिच्या डोक्यात हेच आहे.

घरात दोन तट पडलेत. आमच्या आईचं म्हणणं, बोलायला शिकवायचं त्यात चार वर्षं काय शिकायचं असतं? मेहुणे म्हणतात बीएएमएस घे, निदान नावामागे डॉक्टर लागेल. आमची आंब्याची बाग, म्हणजे उत्पन्न मोहरावर अवलंबून. कर्ज काढायचं तर डोळे उघडे ठेवून काढावं म्हणतो. शिक्षण कुठे घ्यावं, शिकून ती देवगड-कणकवलीकडे परत आली तर तिचं भागेल का, की हा मुंबईतच चालणारा व्यवसाय आहे? आणि शाळेत विशेष शिक्षक असतात, त्यांच्यापेक्षा हे काम वेगळं कसं? खरं ते सांगा, गोड बोलू नका.

पापलेट_फ्राय

देवगडचा माणूस म्हणतोय गोड नको! हलके घ्या.

माझं मत विचाराल तर पोरगी एकदा दादरला उतरली की परतीचं तिकीट काढत नाही. खर्च तुम्ही करायचा आणि सेवा अंधेरीवाल्यांनी घ्यायची. नर्सिंगला घाला, गावाजवळ नोकरी तरी मिळेल.

ऑडिओग्राम

मी याच व्यवसायात आहे. मुंबईत काम करते, मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. जरा सविस्तर लिहिते.

कुणकेश्वरकर, तुमच्या आईंचा प्रश्न रास्त आहे, कारण बाहेरून बघणाऱ्याला फक्त चित्रं दाखवणं दिसतं. या एका पदवीत दोन व्यवसाय आहेत, कानाचा आणि वाचेचा. सकाळी मी नवजात बाळांची ओएई तपासणी करते. बाळ झोपलेलं असताना कानात छोटा प्रोब ठेवून आतल्या कानाचा प्रतिसाद मोजायचा. त्यात शंका आली तर बेरा, म्हणजे आवाजाचा संकेत मेंदूच्या देठापर्यंत पोचतो की नाही ते बघायचं. मग आजोबांना श्रवणयंत्र लावून बघणं, कानाचा साचा घेणं. दुपारनंतर बोलण्याचं काम: उशिरा बोलणारी मुलं, स्वमग्न मुलं, तोतरेपणा, टाळू फाटलेल्या बाळांची शस्त्रक्रियेनंतरची थेरपी, झटक्यानंतर वाचा गेलेली माणसं.

आणि एक काम बहुतेकांच्या गावीही नसतं, ते म्हणजे गिळणं. झटका आलेल्या माणसाला घशाचे स्नायू वेळेवर साथ देत नाहीत आणि पाणी श्वासनलिकेत उतरतं. त्यातून न्यूमोनिया होतो. आपल्याकडे आजारी माणसाला हलकं म्हणून पातळ पेज पाजायची रीत आहे. अशा रुग्णाला नेमकी तीच सगळ्यात धोक्याची, कारण पातळ पदार्थ झपकन खाली धावतो. पेज किती घट्ट करायची, हनुवटी कुठे ठेवायची, घोट केवढा द्यायचा, हे तपासून ठरवावं लागतं. यात चूक झाली तर माणूस जातो. त्यासाठी शरीररचना, मेंदूविज्ञान, ध्वनीचं भौतिकशास्त्र, भाषाशास्त्र, मानसशास्त्र असं सगळं शिकावं लागतं. तीन वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप.

विशेष शिक्षकाचं काम वेगळं आहे. तो शाळेतला अभ्यास मुलाच्या गतीने शिकवतो. त्याची पदवी डीएड किंवा बीएड स्पेशल. निदान करणं, थेरपी आखणं, श्रवणयंत्र बसवणं हे आमचं काम. दोघांचीही नोंदणी मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे होते. १९९२च्या आरसीआय कायद्याच्या १३व्या कलमाप्रमाणे नोंदणीशिवाय हा व्यवसाय करता येत नाही. गल्लोगल्ली ‘स्पीच ट्रेनर’ पाट्या दिसतात, त्यांना आधी हा नोंदणी क्रमांक विचारावा.

प्रवेशाचं म्हणाल तर महाराष्ट्रात बीएएसएलपीची प्रक्रिया नीटच्या गुणांवर सीईटी सेलमार्फत होते. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपीच्या गटातच हाही कोर्स असतो. मुंबईत नायर रुग्णालयाचं महाविद्यालय आणि वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, जी १९८३ साली सुरू झाली. पुण्यात भारती विद्यापीठ. देशात सगळ्यात मान म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेला, तिची प्रवेशपद्धत वेगळी आहे. सरकारी संस्थेत नंबर लागला तर खर्चाचा प्रश्न बराचसा सुटतो. खासगीत शुल्क किती, वसतिगृह किती, हे आधी कागदावर मांडा.

नावामागे डॉक्टर लागत नाही, हे मेहुण्यांना आत्ताच सांगून टाका.

दिवा_पॅसेंजर

मी मंगळूरला इंटर्नशिप करतोय, गाव लांज्याजवळ. कोकणातल्या मुलांनी दक्षिणेकडे बघायला हरकत नाही. फादर मुलर, निट्टे, पलीकडे मणिपाल, अशा वाक्-श्रवणाच्या चांगल्या संस्था एकाच पट्ट्यात आहेत आणि रत्नागिरीहून मत्स्यगंधा एक्स्प्रेसमध्ये बसलं की थेट उतरता येतं. कुठलंही कॉलेज असो, आरसीआयच्या यादीत त्या वर्षासाठी त्याला मान्यता आहे का ते स्वतः बघा. एजंटवर विश्वास ठेवू नका.

अडचण भाषेची. क्लिनिकला कन्नड आणि तुळू. पहिल्या वर्षी मी रुग्णासमोर नुसता हसत उभा असायचो. कोणी कोंकणी बोलणारं आलं की सगळे मला हाक मारायचे. आपली मालवणी आणि त्यांची कोंकणी यांत अंतर आहे, पण काम चालतं. आता तुळूत ‘तोंड उघडा, जीभ बाहेर काढा’ इतकं झोपेतही म्हणेन.

मराठी माध्यमातून आलेल्यांना एक सांगतो, घाबरू नका. ध्वनिशास्त्राचा पेपर इंग्रजी माध्यमवाल्यांना जड जातो, आपल्याला सोपा. क-वर्ग कंठ्य, च-वर्ग तालव्य, मग मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. तोंडात मागून पुढे येत जाणारी ही मांडणी आपण पहिलीतच पाठ केलेली असते. त्यावर आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी बसवायची, बस. फिजिक्स मात्र सगळ्यांनाच रडवतं.

सेवानिवृत्त_गुरुजी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात घालवली. तोतरी मुलं दर दोन वर्षांनी एखादं असायचंच. श्लोक, पाढे, परवचा मोठ्याने म्हणायला लावले की सुधारायची. तेव्हा कुठे होते थेरपिस्ट? आता प्रत्येक गोष्टीला तज्ज्ञ आणि फी.

ऑडिओग्राम

गुरुजी, नमस्कार. तुम्ही पाहिलंत ते खरंच आहे, कारण मात्र थोडं वेगळं. तोतरेपणा साधारण दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतो आणि त्यातली बरीचशी मुलं पुढे आपोआप सुधारतात. त्यामुळे त्या काळात जे काही केलं असेल त्याला श्रेय मिळतं. श्लोकांमागे आणखी एक गंमत आहे. सगळ्यांनी मिळून एका सुरात म्हटलं की तोतरं बोलणारा माणूसही अडखळत नाही. एकट्याने उभं राहून नाव सांगायला लावलं की तोच मुलगा घामाघूम. जी मुलं आपोआप सुधारत नाहीत ती वर्गात हात वर करायचंच सोडून देतात. मग शिक्षकाला वाटतं, हा शांत आहे.

तुमच्या वर्गातले काही ‘शांत’ आठवून बघा. टोमणा नाही हा, खरंच विचारतेय.

सेवानिवृत्त_गुरुजी

हं. दोघेतिघे आठवले. एकाने पुढे शाळाच सोडली, बापाबरोबर होडीवर गेला.

वालावल

माज्या नातवाचा सांगतंय. दोन वर्सांचो झालो तरी हाक मारलली कळा नाय. शेजारी म्हणत, बापूस पण उशिराच बोललो, वेखंड उगाळून चाटवा. चाटयला. मगे मुंबैक नेलो तेव्हा कळला, दोनय कानांनी ऐकाक येणा नाय. कानातला ऑपरेशन सरकारी योजनेतून झाला, ता लवकर आटापला. पण तेच्या नंतर ऐकाक नि बोलाक शिकवचा काम वर्साच्या वर चल्ला. थेरपी मुंबैक आणि आमी हय. सून पोराक घेवन भावाकडे रवली, झील हय बागेत. दोन चुली झाल्यो. हयच कोण शिकललो मिळालो आसतो तर येवढा झाला नसता. आता नातू इतको बोलता की गप रव सांगूचा लागता. कुणकेश्वरकरांनू, चेडवाक घाला ह्या शिक्षणाक.

ऑडिओग्राम

वालावल, सुनेला माझा नमस्कार सांगा. कॉक्लिअर इम्प्लांटचं, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायच्या यंत्राचं, हे कुणी लिहीत नाही. शस्त्रक्रियेचा फोटो पेपरात येतो, पण यंत्र चालू केल्यावर मुलाला पहिल्यांदा येतो तो नुसता गोंगाट. त्यातून कावळा कुठला, आईची हाक कुठली, हे वेगळं करायला शिकवावं लागतं, रोज, घरी. आम्ही आठवड्यातून एकदोन तास भेटतो. उरलेला सगळा वेळ आईचा. खरं तर आमच्या कामाचा मोठा भाग आईबापांना शिकवणं हाच आहे. ज्या मुलीला माणसांशी, तेही थकलेल्या माणसांशी, तीच गोष्ट परत परत बोलायचा कंटाळा आहे, तिने इकडे येऊ नये.

अजून एक. जगभर मानलेला हिशोब असा, की पहिल्या महिन्यात बाळाच्या कानांची तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू. आपल्याकडे पोर दोनअडीच वर्षांचं झाल्यावर घरच्यांच्या मनात पाल चुकचुकते.

खाडीपट्टा

मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात डॉक्टर होतो. हा कार्यक्रम २०१३च्या फेब्रुवारीत पालघरलाच सुरू झाला. अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासायची, जन्मजात व्यंग किंवा विकासातली दिरंगाई दिसली की जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं. त्या केंद्रात ऑडिओलॉजिस्ट-स्पीच थेरपिस्टचं पद असतं.

गोड नको म्हणालात म्हणून स्पष्ट लिहितो. ही पदं कंत्राटी. पगार वेळेवर होईलच असं नाही, वाढ नावाला. मी काम केलं त्या जिल्ह्याचं नाव घेत नाही, पण जाहिरात निघायची, एखादी मुलगी रुजू व्हायची आणि मुंबईत दुप्पट मिळालं की जायची. तिची तरी काय चूक? मग आम्ही मुलं शोधून काढायची आणि पाठवायला माणूस नाही. मच्छीमार वस्तीतल्या आयांना ‘मुंबईला जा’ म्हणताना जीभ अडखळायची.

दुसरी बाजूही सांगतो. आता अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्ग तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं झालीत, डेरवणला खासगी आहे. ईएनटी विभाग आला की ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, आणि वाचोपचार लागतातच. दहा वर्षांपूर्वीचं चित्र आणि आजचं यात फरक आहे. पण कायमस्वरूपी सरकारी पदाच्या भरवशावर पोरीला घालू नका.

पापलेट_फ्राय

म्हणजे मी म्हणत होतो तेच. परत येत नाहीत.

सुरंगी

पापलेटदादा, मी आले ना! कुडाळजवळ माझं छोटं क्लिनिक आहे. कुणकेश्वरकर, तुमच्या पोट भरण्याच्या प्रश्नावर बोलते, कारण त्यावर कुणी बोलत नाही.

सुरुवातीला नुसत्या थेरपीवर भाडंही सुटत नव्हतं. मी एका ईएनटी डॉक्टरांकडे ठरलेल्या दिवशी ऑडिओमेट्रीला जायचे, मतिमंद मुलांच्या शाळेत आठवड्यातून एकदा, आणि उरलेल्या दिवशी स्वतःकडे. हळूहळू लोकांना कळलं. आता वाट बघायला लागते इतके रुग्ण आहेत, पण त्यांतले निम्मे पूर्ण फी देऊ शकत नाहीत आणि त्यांना परत पाठवावंसं मला वाटत नाही. त्यामुळे श्रीमंत वगैरे झालेले नाही. गाडीचा हप्ता जातो, घर चालतं.

श्रवणयंत्रांच्या विक्रीत पैसा आहे, हे कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. कंपन्या मागे लागतात, टार्गेट देतात. माझ्या ओळखीतल्या काही जणांनी थेरपी बंद करून नुसतं यंत्रांचं दुकान केलंय. मला ते पटत नाही. आजोबांना यंत्र विकलं आणि ऐकायची सवय करून दिली नाही तर ते कपाटात जातं. पण ज्याच्यावर कर्ज आहे त्याला नावं ठेवायला मी कोण?

आता कोकणातल्या अडचणी, ज्या पुस्तकात नसतात. पहिली म्हणजे पाऊस. ऑडिओमेट्रीला शांत खोली लागते. माझी पहिली जागा पत्र्याची होती. जुलैत पत्र्यावर सरी कोसळायला लागल्या की बारीक आवाज त्यात बुडतात आणि चांगल्या कानाचा माणूस कागदावर बहिरा दिसतो. स्लॅबची जागा घेऊन, आत ध्वनिरोधक खोली केली, तेव्हा खात्रीने रिपोर्ट देता येऊ लागले. हा खर्च आधीच धरा. दुसरी दमट हवा. श्रवणयंत्रं पावसाळ्यात सटासट बंद पडतात. प्रत्येकाला सिलिका जेलची डबी देऊन ‘रात्री यंत्र यात, फ्रिजवर नको, देवघरात नको’ असं बजावावं लागतं. तिसरी पंचांगाची. भातलावणी, गणपती, भातकापणी, शिमगा, आणि तुमच्याकडे आंबा काढणी. या दिवसांत अपॉइंटमेंट दिली तरी कुणी फिरकत नाही, आणि इतक्या खंडानंतर पोर मागे गेलेलं असतं. आता मी त्या आठवड्यांसाठी घरी करायचा पाठच लिहून देते. शेतात जाताना काय बोलायचं, मखर सजवताना काय विचारायचं. मोबाइलवर व्हिडिओ कॉल करते, रेंज असेल तर.

दाभोळ_बंदर

माझ्या मुलीबद्दल शाळेने कळवलं, हिचं बोलणं नॉर्मल नाही, स्पीच थेरपी करा. आम्ही घरी आमची कोकणी बोली बोलतो, मुसलमानी म्हणा. ती शाळेतल्या मराठीत अडखळायची. चिपळूणला एका थेरपिस्टना दाखवलं. त्यांनी तासभर तिच्याशी खेळून सांगितलं, पोरगी ठणठणीत आहे, घरची बोली बंद करू नका. फीसुद्धा अर्धीच घेतली. इथल्या तज्ज्ञांना विचारायचंय, शाळेने सांगितलं म्हणून किती पोरांना उगाच थेरपी लावत असतील?

सुरंगी

लावतात. म्हणूनच इथली बोली येणारी माणसं या व्यवसायात हवीत. आमची मराठी चाचण्यांची साधनं बहुतांशी प्रमाण मराठीवर बेतलेली. मालवणी घरातलं पोर चित्र बघून स्वतःचा शब्द सांगतं, आणि तपासणारा पुण्याचा असेल तर चूक मांडतो. संगमेश्वरी, बाणकोटी, सगळीकडे तेच. फरक ओळखायची साधी खूण म्हणजे घरच्या बोलीत, घरच्यांशी मूल त्याच्या वयाच्या इतर पोरांसारखं बोलतं का? बोलत असेल तर तो आजार नाही. घरच्या बोलीतही मागे असेल तर मात्र बघावं लागतं, आणि मग थेरपी पण त्याच बोलीत करावी. मी चित्रांचे तक्ते स्वतः केलेत. त्यात कोयता आहे, टोपली आहे, बांगडा आहे, होडी आहे. तयार तक्त्यांत रेल्वे सिग्नल आणि स्ट्रॉबेरी होती. आमच्याकडच्या पोराला स्ट्रॉबेरी ओळखता नाही आली तर त्याच्या मेंदूचा काय दोष?

रंगमंच_वेंगुर्ला

धागा वाचतोय, छान चाललाय. माझे वडील दशावतारात. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की रोज वेगळं गाव, रात्रभर उभं राहून स्वतःच्या मनची संवादफेक, लिहिलेलं काही नसतं. मार्गशीर्षात त्यांचा आवाज बसायचा तो वैशाखापर्यंत उठायचा नाही. सगळे म्हणायचे खडीसाखर चघळा, गरम पाणी प्या. शेवटी दुर्बिणीने घसा बघितला तर स्वरतंतूंवर गाठी. ऑपरेशनची भीती होती. डॉक्टरांनी आधी व्हॉइस थेरपीला पाठवलं. श्वास पोटातून कसा घ्यायचा, खाकरून घसा साफ करायची सवय कशी मोडायची, राक्षसपार्टीतली आरोळी गळा न आवळता कशी द्यायची, हे शिकवलं. नाटक बंद करा असं ती बाई एकदाही म्हणाली नाही, म्हणून वडील टिकले. नाहीतर पहिल्याच दिवशी उठून आले असते.

त्या खोलीबाहेर बसलेले बाकी लोक कोण, तर शिक्षिका, एक कीर्तनकार आणि हर्णैच्या लिलावात बोली पुकारणारा एक गृहस्थ.

सेवानिवृत्त_गुरुजी

शिक्षकांच्या घशाबद्दल पूर्ण सहमत. साठ पोरांचा वर्ग, वर कौलं, बाहेर पाऊस. मी निवृत्त झालो तो घोगराच.

कुणकेश्वरकर

सगळ्यांचे आभार. धागा घरात मोठ्याने वाचून दाखवला. पेजेचं ऐकून आई गप्प झाली, कारण भावाला आम्ही पेजच पाजत होतो आणि त्याला ठसका लागायचा.

एक शंका आहे. भावाला अजून स्वतःचं नाव धड सांगता येत नाही. पण गणपतीत आरती सुरू झाली आणि हा सगळी म्हणाला, एक शब्द न चुकता. घरातल्यांना वाटलं बाप्पाने वाचा दिली. दुसऱ्या दिवशी परत ‘ते... ते...’. हे काय असतं?

ऑडिओग्राम

याला अफेझिया म्हणतात. बहुतेकांच्या मेंदूत नवी वाक्यं जुळवायचं काम डाव्या बाजूला चालतं, तिथे इजा झाली की शब्द सापडत नाहीत. बऱ्याचदा माणसाला समजत असतं, सांगता येत नाही. पाठ असलेल्या गोष्टी, म्हणजे आरती, पाढे, वारांची नावं, शिव्यासुद्धा, त्या वाटेने येत नाहीत, म्हणून शाबूत राहतात. सुराचा भाग उजव्या बाजूकडे बराच असतो. याच आधारावर १९७३ साली अमेरिकेत मेलॉडिक इंटोनेशन थेरपी नावाची पद्धत मांडली गेली. रोजच्या गरजेचं वाक्य सुरात, हाताने ठेका देत म्हणायला लावायचं आणि हळूहळू सूर कमी करत न्यायचा. सगळ्यांना लागू पडते असं नाही, पण आरती म्हणता येते ही खूण चांगली आहे. ‘पाणी दे’, ‘जेवायला वाढ’ असली छोटी वाक्यं घेऊन जवळच्या थेरपिस्टना विचारा. आणि भावांसमोर त्यांच्या वतीने उत्तरं देऊ नका. थांबा. आपल्याला थांबवत नाही, हीच मोठी अडचण असते.

मुलीबद्दल माझा एक सल्ला. बीएएसएलपी झाल्यावर थेट गावी येऊ नये. आधी दोन वर्षांची मास्टर्स करावी. आता ऑडिओलॉजी आणि स्पीच-लँग्वेज अशा दोन वेगळ्या शाखाही आहेत, त्यातली एक निवडावी. निदान मोठ्या रुग्णालयात काही काळ काम तरी करावं. गावात एकटीने बसायचं म्हणजे शंका आली तर विचारायला शेजारी कुणी नाही.

सुरंगी

इथे माझं जमत नाही. कायद्याने बीएएसएलपीवर स्वतंत्र काम करता येतं. मास्टर्स करायला गेलेल्या माझ्या वर्गमैत्रिणींपैकी परत आलेली एकही नाही. कुणाला परदेशाचं वेड लागतं. अमेरिकेत मास्टर्सशिवाय दारात उभं करत नाहीत, इंग्लंडमध्ये त्यांच्या कौन्सिलची नोंदणी, मग त्या वाटेने गेली की गेली. मी पदवीनंतर लगेच आले. जे अडलं ते सरांना फोन करून, व्हिडिओ पाठवून विचारलं. आरसीआयचं नूतनीकरण करायचं तर प्रशिक्षणाचे गुण जमवावेच लागतात, त्या निमित्ताने मुंबई-म्हैसूर होतं.

ऑडिओग्राम

तू जिद्दीची आहेस म्हणून निभावलंस. सगळ्यांना जमत नाही. बाळाचा बेरा वाचताना चूक झाली तर त्या पोराची वर्षं जातात, हे तुलाही माहीत आहे.

सुरंगी

माहीत आहे. आणि बेरा वाचायला कुणीच नसेल तरी जातात.

दिवा_पॅसेंजर

दोघी ताई भांडतायत तोवर मी सांगतो, कुणकेश्वरकर काका, मुलीला आधी एक दिवस कुठल्या तरी क्लिनिकमध्ये बसवा. गोव्यात तिने चांगला दिवस पाहिला असेल. एखादं पोर पूर्ण सेशन रडतं, चावतं, खेळणी फेकतं, आणि पुढच्या वेळी परत तेच. ते बघून घरी आल्यावरही तिला हेच करायचं असेल तर घाला. आमच्या वर्गात पहिल्या वर्षातच सोडून गेलेले बहुतेक नीटची दुसरी फेरी म्हणून आलेले होते.

सुरंगी

हे मात्र शंभर टक्के. मुलीला माझ्याकडे पाठवा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. पावसाळ्यात या, म्हणजे खरं काय ते दिसेल.

नवा_सभासद_गुहागर

धागा वेगळ्या विषयाचा आहे, पण विचारतो. बहिणीचा मुलगा अडीच वर्षांचा, ‘आई’ आणि ‘नको’ एवढंच बोलतो. हाक मारली तर कधी बघतो, कधी नाही. मोबाइलवरची गाणी मात्र तासन्तास बघतो. घरचे म्हणतात जीभ जड आहे, खालची तार कापून आणू. कापावी का?

ऑडिओग्राम

आत्ता कापू नका. तार आखूड असली तर उच्चार थोडे अस्पष्ट होऊ शकतात, पण त्यामुळे मूल बोलायचं थांबत नाही. अडीच वर्षांत दोनच शब्द आणि हाकेला धड प्रतिसाद नाही, म्हणजे आधी कान. गाणी बघतो म्हणजे ऐकतोच असं धरू नका, चित्रं हलतात म्हणूनही बघत असेल. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा, ओएई आणि बेरा करून घ्या. बेराला मूल झोपलेलं लागतं, म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवा आणि जाताना गाडीत झोपू देऊ नका. कान चांगले निघाले तर पुढची तपासणी, त्यात स्वमग्नतेचीही. तोवर मोबाइल बंद आणि आंघोळ घालताना, जेवू घालताना त्याच्याशी समोर बसून बोला, छोटी वाक्यं.

नवा_सभासद_गुहागर

सोमवारी रत्नागिरीला नेतो. गाडीत झोपू द्यायचं नाही हे बहिणीला सांगितलं. ती म्हणते, तो गाडी सुरू व्हायच्या आधीच झोपतो.

खाडीपट्टा

मग पहाटेच्या एसटीने जा. उभ्याने जायला लागलं की कुणाला झोप येत नाही.